चुलीपलीकडचा पाट

अक्कांचे दोन्ही हात हवेत होते आणि खाली येत नव्हते.

समोर पालथं घातलेलं ॲल्युमिनियमचं पातेलं होतं आणि त्यावर ओल्या पंच्याचं फडकं. पातेलं म्हणजे खापर आणि फडकं म्हणजे मांडा, असं आम्ही ओपीडीत ठरवून घेतलं होतं. फडकं कोपरापर्यंत हातांवर घेऊन गोल फिरवणं, ताणणं, पातेल्यावर अलगद टाकणं, इथपर्यंत सगळं झकास झालं. मग गाडी बंद पडली. माझ्या मोबाइलवर मेट्रोनोम टकटक करत होता. ताल मोजायचं एक ॲप असतं, ते. त्याच्या ठोक्यावर अक्कांनी हात मागे घ्यायचे आणि पुढची पुरी लाटायला लागायचं, असं ठरलं होतं.

"माय, हात खाली घे," मुलगा म्हणाला.

"आत्याबाई, लाटणं घ्या, लाटणं," सून म्हणाली.

"अक्का, इकडे बघा, माझ्या टाळीवर," हे मी.

तिघांचं ऐकून बिचाऱ्या अक्का आणखीच आखडल्या. मी मुलाला आणि सुनेला बाहेर बसवलं आणि मेट्रोनोम बंद केला. थोड्या वेळाने हात आपोआप खाली आले. खरं खापर असतं तर तोवर मांड्याचा कोळसा झाला असता.

"माले बठ्ठं समजस ताई," अक्का त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या; बठ्ठं म्हणजे सगळं. "पन हात ऐकत नहीत."

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. जळगावात मेहरूणच्या बाजूला एका न्यूरॉलॉजिस्टच्या क्लिनिकमध्ये काम करते. हुद्द्याचं नाव ऐकून निम्म्या लोकांना वाटतं मी नोकऱ्या लावून देते. उरलेले मला मालिशवाली समजतात. आजारामुळे माणसाला रोजची कामं येईनाशी होतात. गुंडी लावणं, भाकरी थापणं, अंघोळ, सही. ती पुन्हा जमवून द्यायची, सरळ वाटेने नाही तर आडवाटेने, हे माझं काम. जमणार नसेल तर तसं सांगायचं. हे शेवटचं मला अजून नीट येत नाही.

इंदूअक्का पारोळ्याजवळच्या एका खेड्यातल्या. अंगाने किरकोळ, आवाजाने खणखणीत. त्यांचे यजमान, ज्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, दिवाळीच्या सुमारास हार्ट अटॅकने गेले. त्यानंतर काही आठवड्यांतच अक्का एकदम मंदावल्या. उंबऱ्यापाशी पाय चिकटायचे. ब्लाउजची दोन हुकं लावून तिसऱ्यापाशी बोटं थांबायची. गावाने निदान लगेच करून टाकलं: नवरा गेला, बाईने धसका घेतला. हाय खाल्ली म्हणजे असंच होतं. तेराव्यानंतर त्यांना कोणी चुलीकडे फिरकू दिलं नाही. काळजीपोटीच. पण कामाला लावायचे ते हात मांडीवर ठेवून त्यांना भिंतीशी बसवलं गेलं, आणि त्या आणखी आखडत गेल्या.

होळीच्या आसपास मुलगा जितू त्यांना आमच्याकडे घेऊन आला. आमचे सर, म्हणजे क्लिनिकचे न्यूरॉलॉजिस्ट, कमी बोलतात. त्यांनी अक्कांची मनगटं हलवून पाहिली, बोटं एकमेकांवर आपटायला सांगितली, व्हरांड्यात चालवलं आणि म्हणाले, "पार्किन्सन्स. आजचा नाही, चार-पाच वर्षांचा तरी असेल."

"पण हात थरथरत नाहीत की हो," जितू म्हणाला.

"सगळ्यांचे थरथरत नाहीत."

"आणि सर, दिवाळीपर्यंत माय एकदम फर्स्टक्लास होती. मांडे करायची. पोतंभर गव्हाचे मांडे करायची बाई."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. घरच्यांना आजार उशिरा दिसतो, हे आम्हाला नेहमीचं आहे. पण इतकं फर्स्टक्लास आणि मग इतकं एकदम, हे काही जुळत नव्हतं. सरांनी गोळ्या सुरू केल्या आणि पेशंट माझ्याकडे पाठवला.

बाहेरगावच्या वाचकांसाठी मांड्याचं सांगते. मांडा म्हणजे खापरावरची पुरणपोळी. खापर म्हणजे मातीचं मोठं भांडं, ते चुलीवर पालथं घालतात. दोन छोट्या पुऱ्या लाटायच्या, मधे पुरण भरायचं, कडा दाबायच्या, थोडं लाटायचं आणि मग लाटणं बाजूला ठेवून ती पोळी हातांवर घ्यायची. दोन्ही हातांवर ती फिरत फिरत मोठी होते, सुपाएवढी, आणि इतकी पातळ की आतलं पुरण दिसावं. ती न फाटता खापरावर पसरायची. ती भाजेपर्यंत पुढच्या पुऱ्या लाटायच्या. मग उलटायची, घडी घालून उतरवायची. माझं माहेर धुळ्याचं, पण माझ्या आईने खापर कधी चढवलं नाही. आम्ही तव्यावरच्या पोळीवर सण भागवायचो. खापराचं काम येत असलेल्या बायका गावात दोन-चार असतात आणि लग्नकार्यात त्यांना मान असतो. अक्का त्यांतल्या होत्या.

आता मेंदूकडे वळते. आपण घराला कुलूप लावून निघतो आणि चौकात गेल्यावर आठवत नाही, लावलं का? लावलेलंच असतं. दार ओढणं, कडी, कुलूप, किल्ली फिरवणं, ओढून बघणं, या पाच हालचाली मेंदूने एकत्र बांधून एक गठ्ठा केलेला असतो. पहिली सुरू झाली की पुढच्या आपोआप होतात, तुम्हाला लक्ष द्यावं लागत नाही. असे गठ्ठे बांधायचं आणि सोडायचं काम मेंदूच्या तळाशी असलेले काही भाग करतात. त्यांना बेसल गँग्लिया म्हणतात. त्यांची पद्धत जरा उलटी आहे. ते सगळ्याच हालचालींवर ब्रेक लावून ठेवतात आणि जिची पाळी आली तेवढीचा ब्रेक सोडतात. ती झाली की तिचा लावायचा आणि पुढचीचा सोडायचा. हे ब्रेक वेळेवर सुटायला डोपामाइन नावाचं रसायन लागतं. पार्किन्सन्समध्ये ते कमी होत जातं. हातात ताकद असते, डोक्यात माहिती असते, पण एका हालचालीवरून दुसरीवर जाताना ब्रेक सुटत नाही.

यावर एक आडवाट आहे. हुकूम आतून येत नसेल तर बाहेरून द्यायचा. जमिनीवर पट्ट्या मारल्या की ज्यांचे पाय चिकटतात ते त्या ओलांडत चालतात. कोणी टाळी वाजवली की उठतात. डोळ्यांनी किंवा कानांनी आलेला इशारा मेंदूतल्या दुसऱ्या रस्त्याने जातो. हायवे बंद असला की आपण शेतातल्या रस्त्याने गाव गाठतो, तसंच आहे हे. अशा इशाऱ्याला आम्ही क्यू म्हणतो.

पहिल्याच दिवशी मी अक्कांना विचारलं होतं, तुम्हाला काय यायला हवं? चालणं?

"चालनं गयं चुल्हामा," अक्का म्हणाल्या. "माले मांडा करता यवाले जोयजे. आखाजीले."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे हा दिवाळीच्या तोडीचा सण. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि त्याच दिवशी गेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. वर्षभरात ज्या घरात कोणी गेलं असेल, त्या घरी त्याची पहिली घागर. ती भरली की माणूस पितरांत गेला, असं अक्कांच्या घरी मानतात. घागरीपुढे आमरस आणि मांड्याचा नैवेद्य.

"बठ्ठा गावना मांडा मी करेल शेत," अक्का म्हणाल्या. "आते मन्हा मानूसनी पहिली घागर शे. तठे दुसरीना हातना मांडा ठेवू का?"

मी सरांना सांगितलं.

"गोल काय ठरवलाय?" त्यांनी विचारलं. गोल म्हणजे उपचाराचं ध्येय.

"मांडा."

"मांडा हा गोल नसतो. चालणं, तोल, अंघोळ. ते लिही."

"पेशंटला मांडाच हवाय सर."

"पेशंटला सगळंच हवं असतं. आजार वाढत जाणारा आहे, हे सांगितलंस ना?"

"मुलाला सांगितलंय."

"मुलाला आजार नाहीये," सर म्हणाले आणि पुढचा पेशंट बोलावला.

मी गोल म्हणून मांडाच लिहिला. मला हट्टी म्हणतात, ते काही उगाच नाही.

गोळ्यांनी अंग बरंच सैल झालं. पट्ट्यांवर अक्का छान चालू लागल्या. हुकं लागू लागली. पण मांडा त्या एका ठिकाणी अडायचा तो अडायचाच. मी त्याचे तुकडे केले. नुसतं लाटणं, नुसतं भरणं, नुसतं हातावर फिरवणं. सगळे तुकडे उत्तम. जोडून केले तरी खापरापर्यंत उत्तम. खापरावर टाकला की हात तिथेच. ठोके लावले, आकडे मोजले, सुनेला शेजारी बसवून तेच करायला लावलं. काही उपयोग नाही. सरांना व्हिडिओ दाखवला.

"सुरुवातीला अडत नाहीत?"

"नाही."

"वळताना, घाई केली की?"

"नाही सर. दर वेळी एकाच जागी."

सरांनी तो पुन्हा पाहिला. "आजार असा जागा निवडून अडवत नाही. घरी जाऊन बघ. तुझं पातेलं म्हणजे त्यांची चूल नाही."

घरी जाऊन बघणं हा आमच्या कामाचाच भाग आहे, फक्त त्याला वेळ मिळत नाही. आखाजी जवळ आली होती. मी एका रविवारी पारोळ्याची एसटी पकडली, स्टँडवर जितू मोटारसायकल घेऊन आला होता.

परसात चूल होती. मनीषाने, म्हणजे सुनेने, सकाळपासून पुरण शिजवून वाटून ठेवलं होतं, कणीक तिंबून ठेवली होती. खापर तापलं. अक्का पाटावर बसल्या, पदर खोचला आणि त्यांच्या चेहऱ्यावरचे कष्टच गेले. मी काही बोलले नाही. घरच्यांनाही तोंडं बंद ठेवायला सांगितलं होतं. लाटलं, भरलं, दाबलं, लाटलं, हातांवर घेतलं. ते ओपीडीतलं फडकं आणि हे, यांत काही तुलनाच नव्हती. पोळी फिरत होती आणि मोठी होत होती. खापरावर पसरली. हात थांबले.

या वेळी मी हातांकडे पाहत नव्हते. मी त्यांचे डोळे पाहत होते. अक्कांची नजर खापरावर नव्हती, पुढच्या पुरीवरही नव्हती. ती चुलीपलीकडे गेली होती. तिथे आणखी एक पाट होता, भिंतीला लावून. त्यावर कोणी बसलेलं नव्हतं. परस गजबजलेलं होतं, शेजारच्या दोन बाया उभ्याच होत्या, पण तो पाट सगळ्यांनी सोडला होता.

मनीषाने पुढे होऊन मांडा उतरवला. तोपर्यंत एका बाजूने काळा झाला होता.

"तिथे कोण बसायचं?" मी विचारलं.

जितू थोडा ओशाळून हसला. "आबा."

"चुलीपाशी?"

"हो ना. गाव हसायचं. पुरुषमाणूस बायकोच्या चुलीपाशी ठाण मांडून बसतो म्हणून. पारावर लोक विचारायचे, आबा, तुमले लुगडं लई देऊत का?"

"काय करायचे तिथे बसून?"

"मांडा उलटायचे, उतरवायचे. पहिला स्वतः खायचे. आम्हाला वाटायचं, खाण्यासाठी बसतात."

"पहिल्यापासून?"

"छे. पूर्वी तर स्वयंपाकघरात पाणी प्यायलासुद्धा येत नसत."

"मग कधीपासून?"

जितूला आठवेना. मनीषाला आठवलं. बायकांना अशा गोष्टी सणावारावरून आठवतात. तिचा धाकटा नुकताच चालायला लागला होता, तेव्हाची आखाजी. परसात बायका मांडे न्यायला बसल्या होत्या आणि आत्याबाईंचे हात असेच खापरावर थांबले. मांडा धुरायला लागला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आबा ओट्यावर होते. ते तडक आत आले, समोर बसले, बोटांनीच मांडा उचलला आणि म्हणाले, भूक लागनी. बायका हसल्या. आत्याबाई पुढची पुरी लाटायला लागल्या.

"त्या दिवसापासून बसायला लागले," मनीषा म्हणाली. आणि बोलता बोलता तिचा आवाज बदलला. "मॅडम, आणखी पण करायचे ते. उंबऱ्यात काठी आडवी धरायचे. आत्याबाई बाहेर निघाल्या की आबांची काठी उंबऱ्यात. त्यावरून दोघांची रोज भांडणं."

पाय चिकटणाऱ्या पेशंटपुढे काठी आडवी धरायची, म्हणजे तो ती ओलांडायला पाय उचलतो. हे आम्हाला कॉलेजात शिकवतात. जितूलाही मग एकेक आठवायला लागलं. बाजेवरून उठताना आबा आधी स्वतः उठून हात पुढे करायचे. बादली उचलताना दुसरी बाजू धरायचे. आम्ही म्हणायचो म्हातारा बायकोच्या मागे मागे फिरतो, जितू म्हणाला.

सगळं माझ्यापुढे स्पष्ट झालं. अक्कांचा आजार दिवाळीनंतर आलेला नव्हता. तो सरांनी सांगितला तेवढाच जुना होता. ज्या ज्या ठिकाणी त्यांच्या मेंदूतला ब्रेक सुटत नव्हता, त्या त्या ठिकाणी आबांनी स्वतःला नेऊन बसवलं होतं. मांड्याच्या गठ्ठ्यात एक हालचाल अक्कांची राहिलीच नव्हती. अक्का टाकणार, आबांचा हात पुढे येणार, तो दिसला की अक्कांचा हात मागे जाणार. इतकी वर्षं तसं करून तोच गठ्ठा पक्का झाला होता. आबा गेले आणि मधली कडी गेली. माझे ठोके, टाळ्या त्या जागी बसत नव्हत्या, कारण मेंदू ज्याची वाट पाहत होता ते वेगळंच होतं.

आम्ही हे सगळं अक्कांच्या समोर बोलत होतो, याचं भान कोणालाच नव्हतं. त्या पिठाचे हात मांडीवर ठेवून ऐकत होत्या.

"म्हनजे त्याले माहीत व्हतं?" त्यांनी मला विचारलं.

"आजाराचं नाव माहीत नसेल अक्का. पण ते हलले की तुम्ही हलता, एवढं त्यांना कळलं होतं."

"माले सांगं नही त्यानी."

मी त्यांच्या शेजारी खाली बसले.

"मी त्याले किती बोलनू," अक्का म्हणाल्या. "मन्ही वाटमा काठी कसाले घालस? एखाद दिन पाडशी माले. चार बायास्मा बोलनू. तो एक शबुद बोलना नही." त्यांनी पदराने चेहरा पुसला, तो पिठाने आणखी पांढरा झाला. शेजारच्या बाया हळूच निघून गेल्या. मला रडू आवरेना, म्हणून मी उगाच खापराखालची लाकडं सरकवली आणि बोट भाजून घेतलं.

मी थेरपिस्ट आहे, त्यामुळे पुढची गोष्ट मला लगेच दिसली. इशारा हवा आहे, तो त्या जागेवरून हवा आहे. कोणीतरी तिथे बसायला हवं. मी जितूला खूण केली. तो चुलीला वळसा घालून गेला आणि पाटावर बसायला वाकला.

"उठ तठून," अक्का म्हणाल्या.

"माय, मॅडम सांगी राह्यन्यात..."

"उठ. ती त्यानी जागा शे."

तो उठला. मी पाट काढून नुसतं खाली बसायला सांगितलं. नाही. मनीषा बसेल. नाही. मी बसते. अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे बोलले नाही. त्यांनी हात धुतले आणि आत जाऊन निजल्या.

सोमवारी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "लेझरचा ठिपका वापरून बघ. माणूस नको असेल तर."

"चालणार नाही सर. जागेवर काहीही आलं तरी त्यांना ते चालणार नाही."

"मग मांडा होणार नाही."

"नाही होणार."

"तुला वाईट का वाटतंय? चालताहेत ना त्या?"

मला वाईट वाटत होतं आणि थोडा रागही होता. अक्कांचा होता, आबांचाही होता. एकदा दवाखान्यात आणलं असतं तर गोळ्या चार वर्षं आधी सुरू झाल्या असत्या. पण खेड्यातल्या म्हाताऱ्याने काय सांगून आणायचं? माझ्या बायकोचा हात मांड्यावर अडतो म्हणून? लोकांनी त्याला आणखी हसून घेतलं असतं. बायकोचं नाव गावात मांड्यावर होतं. ते जाऊ नये म्हणून तो स्वतः हसं करून घेत राहिला, असं मला वाटतं. खरं काय ते सांगायला तो नव्हता.

आखाजीला क्लिनिक बंद होतं. जितूचा फोन आला, माय म्हणते ताईला जेवायला बोलव. मी गेले. दोन्ही लेकी आल्या होत्या. अंगणात निंबाला झोका होता, त्यावर पोरी होत्या, पण गाणी कोणी म्हणत नव्हतं. देवघरापुढे गव्हाच्या राशीवर नवी घागर ठेवली होती. तिला सूत गुंडाळलेलं, वर खरबूज. घागरीपुढचं ताट रिकामं होतं. लेकींनी हळू आवाजात सांगितलं, मनीषा मांडे करणार आहे, मायने हो म्हटलंय.

मनीषा चुलीपुढे बसायला गेली तेव्हा अक्का उठल्या. भिंत धरून परसात आल्या आणि म्हणाल्या, "सरक."

मनीषा सरकली. अक्का बसल्या. सकाळच्या गोळीचा असर चांगला होता, हात मोकळे होते. लाटलं, भरलं, हातांवर घेतलं. मोठा केला. खापरावर टाकला.

हात थांबले.

मी जागची हलले नाही. मनीषाने पुढे केलेला हात मी धरून ठेवला. मांड्याची कड तपकिरी झाली, मग धूर यायला लागला. अक्का समोरच्या पाटाकडे बघत होत्या. त्यांना त्याच्यासाठीच मांडा करायचा होता, आणि तो करायचा तर त्याच्या जागी दुसरं माणूस बसायला हवं होतं. घागर अजून भरलेली नव्हती. तो पितरांत जायच्या आधी त्याची जागा द्यायची होती. हे मी तेव्हा शब्दांत मांडलं नसेल, पण मला तिथून पळून जावंसं वाटलं, एवढं आठवतं.

"जितू," अक्का म्हणाल्या. "बस तठे. मांडा जळी राह्यना."

जितू बसला. त्याने उलथनं शोधलं, ते नव्हतंच. आबा बोटांनी उचलायचे. त्याने बोटं घातली, चटका बसला, हात मागे घेतला, पुन्हा घातला. मांडा उचलला. आणि अक्कांचे हात मागे आले. लाटण्यावर गेले. त्यांनी पुढची पुरी लाटायला घेतली.

जितू रडत होता. अक्का रडत नव्हत्या. त्यांचं लक्ष कामात होतं.

"दोन्ही हात लाव," दुसऱ्या मांड्याच्या वेळी त्या म्हणाल्या. "तुन्हा बाप दोन्ही हात लावे."

मांडे होत गेले. जितूला वेळ साधत नव्हती, तो कधी आधी हात घालायचा, कधी उशिरा. उशीर झाला की अक्का थांबायच्या आणि तो हलला की हलायच्या. चांगला उतरलेला पहिला मांडा घागरीपुढच्या ताटात गेला. जितूने आबांचं नाव घेऊन घागरीत पाणी ओतलं. तो जळका पहिला मांडा मनीषा गाईला द्यायला निघाली, तेव्हा अक्कांनी तिला थांबवलं.

"हाऊ मन्हा ताटमा दे."

त्यांनी तो सगळा खाल्ला, काळी कड न काढता.

सरांना मी सांगितलं, गोल पूर्ण झाला. ते म्हणाले, पेपरवर लिहून टाक. मी लिहिलं. पण आजार पुढे चालूच राहिला, तो थांबणारा नव्हताच. पुढच्या आखाजीला खापरापुढे मनीषा होती आणि अक्का भिंतीला टेकून तिला चुका सांगत होत्या. त्यानंतरच्या वर्षी त्यांचं बोलणं समजायला अवघड झालं. आता त्या मला ओळखतात, हात पुढे करतात, तो हातात घेऊन मी थोडा वेळ बसते. करण्यासारखं माझ्याकडे एवढंच उरलंय.

आमच्याकडे नवा पेशंट आला की भूक, झोप, पोट, पडणं हे सगळं विचारायचं असतं. कितीदा तरी नातेवाईक सांगतात, मॅडम, घरचं माणूस गेलं आणि हिने एकदम हाय खाल्ली, तोपर्यंत ठणठणीत होती. मी तिथे थांबते आणि विचारते, गेलेलं माणूस दिवसभर काय करायचं? हा प्रश्न लोकांना विचित्र वाटतो. ते एकमेकांकडे बघतात आणि बहुतेक जण म्हणतात, काही नाही, म्हातारं माणूस, नुसतं बसून असायचं.

मग मी विचारते, कुठे बसायचं?